टायर ‘बसतो’ म्हणजे नेमकं काय

टायरच्या दुकानात सगळ्यात जास्त कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘बसतो’. “थारला दोनशे पंच्याऐंशी बसतो का?” “बसतो की!” दुकानदार खोटं बोलत नसतो. सपाट फरशीवर, रिकाम्या गाडीला, स्टेअरिंग सरळ असताना तो टायर खरोखरच बसतो. माझ्याही गाडीला तो असाच बसला होता. २४५/७५ आर १६ काढून २८५/७५ आर १६ टाकले, गाडी एकदम रुबाबदार दिसायला लागली. तिसऱ्या आठवड्यात वरंधा घाटात पाच माणसं आणि सामान भरलेलं असताना एका उतरत्या वळणावर पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि मडगार्डच्या आतून करवत चालल्यासारखा आवाज आला. गाडी कडेला घेऊन वाकून पाहिलं, तर आतलं प्लास्टिकचं लायनर फाटून टायरभोवती गुंडाळलं होतं आणि नक्षीच्या कडेचे ठोकळे सोलून निघाले होते. मागच्या सीटवर मुलं होती. त्या वळणावर स्टेअरिंग अडकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजूनही पाठ सोडत नाही. म्हणून मोठे टायर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाशी मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

सुरुवात दुकानात करू नका, घरी करा. गेल्या वर्षभरात गाडी कुठे कुठे फिरली ते कागदावर मांडा. ऑफिस, गाव, लग्नकार्यं, पावसाळ्यातल्या दोन-चार भटकंत्या, एखादी लांबची सहल. बहुतेकांच्या यादीत दहा किलोमीटरमागे नऊ किलोमीटर डांबर किंवा सिमेंट निघतं, आणि त्यातलं बरंचसं पावसात भिजलेलं असतं. टायर निवडताना या नऊ किलोमीटरचा मान आधी राखायचा, कारण चिखलात टायर फसला तर गाडी अडकते, पण ओल्या घाटात टायर फसला तर माणसं जातात.

बाजारात ढोबळमानाने तीन जाती मिळतात. एच/टी म्हणजे रस्त्याचा टायर: बारीक नक्षी, कमी आवाज, ओल्या डांबरावर चांगली पकड. एम/टी म्हणजे चिखलाचा: मोठे ठोकळे, त्यांच्यात रुंद मोकळ्या खाचा, रस्त्यावर सतत घुमणारा आवाज आणि ओल्या डांबरावर बेताचीच पकड. ए/टी म्हणजे ऑल-टेरेन, या दोघांच्या मधला. पण ‘मधला’ हा पट्टा फार लांब आहे. सिएट झार, एमआरएफ वाँडरर, अपोलो अ‍ॅप्टेरा, योकोहामा जिओलँडर, बीएफगुडरिच केओ२ ही नावं आपल्याकडे नेहमी ऐकू येतात. यातले काही रस्त्याकडे झुकलेले, काही सरळ चिखलाकडे. टायरवर ए/टी लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा आहेत का, हे बोट फिरवून बघा. ओल्या डांबरावर पाण्याचा पातळ थर तोडायचं काम या चिरा करतात. ठोकळे मोठे आणि वरून साफ गुळगुळीत असतील, तर तो टायर आपल्या जुलैतल्या घाटासाठी नाही.

आता माती. यावर थोडं थांबायला हवं, कारण परदेशी व्हिडिओ पाहून टायर घेणाऱ्यांची चूक इथेच होते. त्या व्हिडिओतला चिखल वेगळा आणि आपला वेगळा. देशावरची काळी माती ओली झाली की चिकट पिठासारखी होते. पाणंदीत शिरल्यावर पहिल्या शंभर पावलांतच ती ए/टीच्या सगळ्या खाचा भरून टाकते, चाक गुळगुळीत लाटणं होऊन जातं, आणि मग तुमचा टायर किती महागाचा याला काही अर्थ उरत नाही. या मातीत एम/टीच्या रुंद खाचा स्वतःला थोड्याफार साफ करू शकतात, पण खरं शहाणपण म्हणजे ती वाळेपर्यंत त्या वाटेला न जाणं. मुरमाच्या वाटेचं तसं नाही. वर राड असली तरी चार बोटं खाली घट्ट थर असतो. तिथे रुंद टायर चिखलावर तरंगत घसरतो आणि अरुंद टायर चिखल कापून मुरमाला जाऊन भिडतो. जुन्या जिप्सीचे बारीक टायर पावसाळी वाटांवर भल्याभल्या रुंद टायरांना मागे टाकत, त्यामागे गाडीच्या हलकेपणाइतकंच हेही कारण होतं. रुंदीचा खरा फायदा वाळूत, आणि वाळू आपल्या भटकंतीत किती येते हे स्वतःला विचारा.

कोकणात जांभा. कोरड्या जांभ्यावर टायर छान धरतो, पण त्याचे खरखरीत दात रबर झपाट्याने खातात. आणि सह्याद्रीचा काळा कातळ पावसाळ्यात शेवाळाने असा माखतो की तिथे नक्षीचा काहीच उपयोग नसतो. तिथे कामाला येतं मऊ रबर आणि कमी हवा. कातळाचा दुसरा धोका म्हणजे फुटलेल्या बेसाल्टची धार. ती टायर खालून कापत नाही, बाजूने कापते. नक्षीतलं पंक्चर वाटेवर बसून प्लगने काढता येतं, बाजूची चीर नाही. म्हणूनच बाजूला दोन थर आहेत की तीन, हे दुकानात विचारा. टायरच्या बाजूवरच बारीक अक्षरांत ‘साइडवॉल’ या शब्दापुढे ते कोरलेलं असतं. सह्याद्रीत फिरणाऱ्याने दोन इंच जास्त उंचीपेक्षा तिसऱ्या थरासाठी पैसे मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मापाकडे वळू. २४५/७५ आर १६ यातला २४५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण १८४ मिमी. १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ४०६ मिमी. बाजूची उंची दोनदा धरून रिममध्ये मिळवली की पूर्ण चाकाचा व्यास येतो: ७७४ मिमी. हेच गणित २६५/७५ आर १६ ला लावलं की ८०४ आणि २८५/७५ आर १६ ला लावलं की ८३४ येतात. आता नीट बघा. व्यास ६० मिमीने वाढला तरी गाडीचं पोट जमिनीपासून फक्त ३० मिमीने वर जातं, कारण आसाच्या खाली चाकाचा निम्माच भाग असतो. म्हणजे तीन सेंटिमीटर, जेमतेम दोन बोटं. या दोन बोटांसाठी मी लायनर फाडून घेतलं होतं.

व्यास किती टक्क्यांनी वाढला हेही काढा. २६५ चा टायर सुमारे ४ टक्क्यांनी मोठा, २८५ चा जवळजवळ ८ टक्क्यांनी. मूळ व्यासाच्या ३ टक्क्यांच्या आसपास राहावं असा जाणकारांचा जुना दंडक आहे आणि तो उगीच नाही. चाक ८ टक्क्यांनी मोठं म्हणजे प्रत्येक गिअर ८ टक्क्यांनी लांब. चढणीवर दुसऱ्याऐवजी पहिला टाकावा लागतो हे लगेच कळतं. लक्षात उशिरा येतं ते उतारावरचं. पहिल्या गिअरमध्ये, फोर-लो मध्ये गाडी पूर्वी ज्या संथपणे उतरायची तशी आता उतरत नाही, इंजिन तिला तेवढं धरून ठेवत नाही, आणि पाय ब्रेकवर जातो. ब्रेकलाही तेवढीच गाडी थांबवायला जास्त जोर लावावा लागतो, कारण चाकाची त्रिज्या वाढली आणि फिरणारं वजनही वाढलं. जाड ए/टी टायर मूळ टायरपेक्षा चाकामागे चार-सहा किलोंनी सहज जड भरतो. मीटरचा काटा ८० वर असताना गाडी प्रत्यक्षात ८६ च्या जवळपास असते. अंतरही मीटरवर कमी पडतं, त्यामुळे मायलेज आहे त्यापेक्षाही खराब दिसतं. थोडं खरंच घटतं, थोडं मीटरमुळे घटल्यासारखं वाटतं. टाकीचा हिशेब करताना हे लक्षात ठेवा.

जिम्नीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण त्यांचा मोह मोठा आहे. मूळ १९५/८० आर १५ म्हणजे ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ घेतला तर ७०३, म्हणजे वाढ दीड टक्का. २३५/७५ आर १५ घेतला तर ७३३, वाढ जवळजवळ ६ टक्के. इंजिन दीड लिटरचं, गाडी सुमारे १२०० किलोंची, आणि मूळ रिम साडेपाच इंच रुंद. २३५ च्या टायरला किमान सहा इंच रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो मधोमध फुगतो, कडा जमिनीला नीट टेकत नाहीत आणि वळणात गाडी हेलकावते. म्हणजे २३५ घ्यायचा तर रिमही आली, आणि रिम बाहेरच्या बाजूला जास्त सरकलेली निघाली तर बेअरिंगवरचा ताण आला. २१५ वर थांबणाऱ्या जिम्नीवाल्यांना पस्तावलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

रिमचा आकार मोठा असण्याचं आकर्षणही जरा बाजूला ठेवा. २०२० च्या थारचंच उदाहरण घ्या. तिला १८ इंचांच्या रिमवर २५५/६५ येतो आणि १६ इंचांच्या रिमवर २४५/७५. पहिल्याचा व्यास ७८९, दुसऱ्याचा ७७४. पण टायरची बाजू पहिल्यात १६६ मिमी उंच, दुसऱ्यात १८४. खड्ड्यात, दगडावर, कमी हवेत रिमला वाचवते ती हीच बाजूची उंची. शोरूममध्ये १८ इंचांची अलॉय छान दिसते हे खरं. पण कातळावरच्या एका धडकेत तिची कड चेपली की हवा धरत नाही. लोखंडी रिमची वाकलेली कड मात्र हातोड्याने जागेवरच सरळ करून पुढे जाता येतं.

टायरवरचे आणखी दोन-तीन आकडे वाचायला शिका. मापाच्या पुढे १०९एस असं काही असतं. १०९ हा भाराचा आकडा, म्हणजे त्या एका टायरला १०३० किलो पेलतात. १११ म्हणजे १०९० किलो. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग, ‘क्यू’ म्हणजे १६०. भाराचा आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी कधीच घेऊ नका. पण उगीच फार जास्तही नको. मापाआधी ‘एलटी’ लिहिलेले, दहा प्लायचे टायर सामान लादलेल्या जड गाड्यांसाठी असतात. हलक्या गाडीला ते लावले तर बाजू दगडासारखी ताठ राहते, हवा कमी केली तरी टायर पसरत नाही, आणि रस्त्यावर पाठीचा कणा खिळखिळा होतो. जिम्नीला दहा प्लायचा टायर लावणं म्हणजे बारीक चणीच्या माणसाला मापापेक्षा मोठे गमबूट घालणं.

आता त्या ‘बसतो’ ची परीक्षा. पाचही टायर एकदम विकत घेऊ नका. दुकानदाराला सांगा, एकच टायर स्टेपनीच्या रिमवर चढव आणि तो पुढच्या चाकाच्या जागी लाव. चांगला दुकानदार ऐकतो. जो ऐकत नाही, त्याचं दुकान सोडा. टायर लावला की मडगार्डच्या आतल्या लायनरवर, बंपरच्या खालच्या कडेवर आणि आत चासीच्या बाजूला ओला खडू जाडसर फासा. गाडीत चार माणसं बसवा. मग तेच चाक एखाद्या वरंब्यावर किंवा उंच पायरीवर हळूच चढवा, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दाबलं जाईल, आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापा. पुढे जाताना एकदा, रिव्हर्समध्ये एकदा. कारण रिव्हर्समध्ये चाक किंचित वेगळ्या जागी घासतं. खाली उतरून टॉर्च घेऊन बघा. खडू पुसला गेलाय का? टायरवर पांढरा पट्टा उमटलाय का? लायनरला नुसता स्पर्श झाला असेल तर कधी कधी क्लिप सरकवून जागा होते. चासीला किंवा अँटिरोल बारला लागत असेल तर विषय संपला, धाकटं माप घ्या. ‘थोडा लिफ्ट टाकू, मग लागणार नाही’ असा सल्ला मिळेल. लिफ्टने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, शाफ्टचे कोन बदलतात, अलाइनमेंट बदलते. एका टायरसाठी निम्मी गाडी बदलणं मला पटत नाही.

कायद्याचंही एक बोलणं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. सगळ्यात निर्धोक माप म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकारावर कंपनी स्वतः देते ते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर आणि मालकाची पुस्तिका दोन्ही बघा. त्यापलीकडे जायचं असेल तर आधी विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर विचारण्याची ती गोष्ट नाही.

मी शेवटी काय केलं? २८५ चे टायर तोट्यात विकले आणि पुन्हा २४५/७५ आर १६ वरच आलो. या वेळी मात्र बाजूला तीन थर असलेला, बारीक चिरांचा चांगला ए/टी घेतला, आणि उरलेल्या पैशांत एक दमदार कंप्रेसर आणि अचूक गेज. ज्या चढणीवर २८५ च्या चाकांनी जागेवरच खड्डे केले होते, ती चढण हीच गाडी मूळ मापाच्या टायरवर चढली. फरक हवेचा होता.

त्या दिवशी मुळशीकडच्या एका मुरमाड वाटेच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. चारही टायरमध्ये ३२ पीएसआय होतं. व्हॉल्व्हच्या टोप्या शर्टाच्या खिशात टाकल्या आणि एकेका चाकाची हवा सोडत गेलो. २६ वर काहीच फरक दिसला नाही. २० वर टायर जमिनीपाशी किंचित पोटासारखा फुगला. गाडी एक हात पुढे घेऊन उतरलो, तर मातीवरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीने वाढलेला दिसला. गंमत या लांबीत आहे. जास्त ठोकळे एकाच वेळी जमिनीला धरतात, दगडावर टायर टाचेसारखा आपटत नाही, तळव्यासारखा बसतो. वाटांसाठी १८ ते २० पीएसआय पुरतं. मऊ वाळूत १५ च्या आसपास. त्याखाली जाऊ नका, जोरात वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. आणि कमी हवेवर वेग ताशी वीस-पंचवीसच्या वर नको, कारण सतत मुडपून बाजू तापते.

खरेदी करताना चार नव्हे, पाच टायर घ्या. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये फोर-एच लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. त्यात एक चाक लहान-मोठं असलं तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर आणि गिअरवर येतो. स्टेपनी जुन्या मापाची ठेवून पंक्चर झाल्यावर तीच लावून घाट चढणाऱ्यांच्या गाडीत काय तुटतं, ते मेकॅनिककडे जाऊन बघण्यासारखं असतं. पाचही टायर एकाच बनावटीचे हवेत, आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही फिरवा, म्हणजे झीज सारखी राहील. मागच्या दारावर स्टेपनी टांगणाऱ्या गाडीत तिचं वाढलेलं वजन बिजागऱ्यांवर येतं. दार खडखडायला लागलं तर ते कारण आधी तपासा. जॅकही एकदा चालवून बघा. मोठं चाक जमिनीपासून सुटायला तो जास्त उंच जावा लागतो, आणि चिखलात त्याच्याखाली ठेवायला एक जाड फळी गाडीत असलेली बरी.

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ नंतरचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. २३२५ असेल तर २०२५ सालातला तेविसावा आठवडा. वर्षाहून जुना माल नवीन म्हणून घेऊ नका, आणि आयएसआयची खूण असल्याची खात्री करा. कायद्याने नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते, पण आपल्या पावसात ४ मिमीच्या खाली मी गाडी घाटात नेत नाही.

आणि एक कळकळीची गोष्ट. टायर कितीही दमदार असले तरी वाट सोडू नका. पावसाळ्यातल्या सड्यावर दोन बोटं मातीत उगवणारी फुलं एका चाकोरीखाली नाहीशी होतात आणि पुढची कित्येक वर्षं ती पट्टी ओसाड राहते. वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. त्या वाळूवर गाडी फिरवणं म्हणजे न दिसणाऱ्या घरट्यांवरून चाक नेणं. पाणंदीच्या कडेला कुणाचा तरी भात असतो. चिखल चुकवायला म्हणून त्याच्या बांधावर चाक चढवू नका.

नवे टायर बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करूनच निघा. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर थांबून चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. रिम नीट बसताना ते थोडे ढिले पडतात. आणि पहिल्या भटकंतीनंतर डांबरावर चढण्याआधी कंप्रेसर काढा, चारही टायर पुन्हा कंपनीच्या हवेवर आणा, गेजने दोनदा तपासा, आणि खिशातल्या टोप्या मोजून परत लावा.